जँगो आणि रेडमाइनची जोडणी: टाइमआउटनंतर दुहेरी तिकिटं, आणि स्टेटस परत कसं आणायचं?

गोदाकाठ

गृहसंस्थांच्या देखभालीचं पोर्टल आहे. जँगो ४.२ (पायथॉनची वेब चौकट), पोस्टग्रेस डेटाबेस, एनजिनएक्स वेब सर्व्हरच्या मागे गनिकॉर्नचे (जँगो चालवणारा सर्व्हर) ४ सिंक वर्कर, म्हणजे एका वेळी एकच विनंती हाताळणाऱ्या प्रोसेस. रहिवासी लिफ्ट, पाणी, वीज यांची तक्रार फोटोसह टाकतात. दुरुस्तीची माणसं मात्र रेडमाइन ५ मध्ये (कामांची तिकिटं सांभाळणारं सॉफ्टवेअर) काम करतात. ते वेगळ्या सर्व्हरवर आहे आणि त्याचा डेटाबेस मायएसक्यूएल आहे, बराच जुना, अपग्रेड होत आलेला.

सध्या व्ह्यूमध्ये फॉर्म सेव्ह झाला की लगेच पायथॉनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीने रेडमाइनच्या इश्यूज.जेसनवर (तिकिटांचा एपीआय पत्ता) पोस्ट जातं. उत्तरात आलेला तिकीट क्रमांक तक्रारीच्या नोंदीत लिहिला जातो. अॅटॉमिक रिक्वेस्ट्स चालू आहे. अडचणी अशा:

१. रेडमाइन मंदावलं की फॉर्म लटकतो, रहिवासी पुन्हा बटण दाबतो आणि दोन-तीन तिकिटं तयार होतात.
२. काही तिकिटं रेडमाइनमध्ये आहेत, पण आमच्या टेबलात त्यांची तक्रारच नाही.
३. रहिवाशाने ‘काम झालं’ दाबलं की आम्ही पुट (बदलाची विनंती) पाठवून स्टेटस ‘बंद’ करतो. उत्तर २०४ (यशस्वी) येतं, पण स्टेटस जागचं हलत नाही.
४. एक ठरावीक तक्रार दर वेळी ५०० (सर्व्हरची चूक) देऊन पडते. बाकीच्या सुरळीत जातात.
५. रेडमाइनमधलं स्टेटस पोर्टलवर दाखवायचं आहे. प्लगइन टाकायला परवानगी नाही, त्यामुळे वेबहुक (बदल होताच रेडमाइनने स्वतः कळवणं) धरू नका.

नेमकी रचना कशी असावी?

---

सह्याद्री_बॅकएंड

१ आणि २ चं मूळ एकच आहे: व्ह्यूमधून दुसऱ्या सर्व्हरला हाक मारणं. तेवढं काढलं की दोन्ही जातात.

आधी लटकण्याबद्दल. रिक्वेस्ट्स लायब्ररीला टाइमआउट दिला नाही तर ती कितीही वेळ वाट पाहते. गनिकॉर्नचा सिंक वर्कर मात्र ३० सेकंदांनी मारला जातो, आणि रहिवाशाला एनजिनएक्सचं ५०२ दिसतं. वर्कर चारच असल्यामुळे चार जणांनी एकाच वेळी तक्रार टाकली की तेवढा वेळ अख्खं पोर्टल ठप्प. रेडमाइन आजारी पडलं म्हणून लॉगिनचं पानसुद्धा उघडू नये, हे चालवून घेऊ नका.

आता गायब तक्रारी. अॅटॉमिक रिक्वेस्ट्समुळे सगळा व्ह्यू एका ट्रान्झॅक्शनमध्ये चालतो. पोस्ट यशस्वी झालं, पुढच्या ओळीत काहीतरी फुटलं, की पोस्टग्रेस सगळं मागे घेतं. रेडमाइनमधलं तिकीट मागे घ्यायला तिथे कोणी नाही. ते अनाथ राहतं.

उपाय म्हणजे ‘जावक’ टेबल. कार्यालयात जावक रजिस्टर असतं तसंच. तक्रार आणि जावकेची नोंद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहायची. जावकेत एवढे रकाने पुरतात: आपण बनवलेला यूयूआयडी (एकमेव ओळख-क्रमांक), तक्रारीची फॉरेन की, स्थिती (पाठवायचं, चालू, पाठवलं, अडकलं), प्रयत्नांची संख्या, पुढच्या प्रयत्नाची वेळ, शेवटची चूक आणि रेडमाइनचा क्रमांक. शेवटच्या रकान्यावर युनिक बंधन हवंच.

व्ह्यूमध्ये फक्त ही नोंद आणि ट्रान्झॅक्शनच्या ऑन-कमिटमध्ये सेलरीचा (मागच्या बाजूला कामं करणारी पायथॉनची व्यवस्था) डिले, म्हणजे काम सोपवणं. ऑन-कमिटशिवाय डिले केलात तर कमिट होण्याआधीच सेलरीचा वर्कर काम उचलतो आणि ‘डझनॉटएक्झिस्ट’ मारतो. स्वतःच्या मशिनवर हे क्वचित दिसतं, प्रॉडक्शनवर रोज. ऑन-कमिटवरही पूर्ण भिस्त नको. कमिट झालं आणि ब्रोकरला (सेलरीच्या निरोपांची रांग) निरोप जाण्याआधी प्रोसेस मेली, तर काम हरवतं. म्हणून सेलरी बीटने (सेलरीचं वेळापत्रक) दर मिनिटाला ‘पाठवायचं’ स्थितीतल्या मागे राहिलेल्या नोंदी उचलायच्या. खरा आधार या झाडूचा. ऑन-कमिट फक्त वेगासाठी.

नोंद उचलताना सिलेक्ट-फॉर-अपडेट (नोंदीला कुलूप लावणं), स्किप-लॉक्ड (आधीच कुलूप असलेल्या सोडणं) चालू ठेवून. स्थिती ‘चालू’ करा, वेळ लिहा, कमिट करा, आणि त्यानंतरच रेडमाइनला हाक मारा. कुलूप हातात धरून एचटीटीपी कॉल केला तर तीच लटकंती व्ह्यूमधून डेटाबेसात जाते. ‘चालू’ स्थितीत ५ मिनिटांहून जास्त पडलेली नोंद म्हणजे वर्कर मधेच मेला असं समजून पुन्हा घ्यायची.

टाइमआउट दोन आकड्यांचा द्या: जोडणीला ३ सेकंद, उत्तराला २०.

पुन्हा प्रयत्न कधी करायचा हे उत्तराच्या कोडवर ठरवा. ५०० आणि पुढचे, जोडणी तुटणं, टाइमआउट: करायचा, दर वेळी अंतर दुप्पट करत. ४२२: कधीच नाही. मजकूरच चुकीचा आहे, शंभर वेळा पाठवला तरी चुकीचाच राहणार. उत्तरातली एरर्सची यादी जावकेत लिहा आणि स्थिती ‘अडकलं’ करा. ४०१ किंवा ४०३: एपीआयची की बदलली किंवा परवानगी गेली. अशा वेळी अख्खी रांग थांबवून माणसाला कळवा. सेलरीच्या ऑटो-रिट्रायवर विसंबत असाल तर मॅक्स-रिट्राइज मुळात ३ असतं, आणि जास्तीत जास्त अंतर ६०० सेकंद. रेडमाइन रात्रभर बंद राहिलं तर तीन प्रयत्न संपून काम टाकून दिलं जाईल. त्यामुळे प्रयत्नांचा हिशोब सेलरीत न ठेवता जावकेतच ठेवलेला बरा.

---

तिकीटघर

वरची रचना बरोबर आहे, पण तिने दुहेरी तिकिटं पूर्ण थांबत नाहीत. २० सेकंदांनी टाइमआउट झाला याचा अर्थ एवढाच की उत्तर आलं नाही. तिकीट झालं की नाही हे त्यातून कळत नाही. पुष्कळदा झालेलं असतं, आणि फक्त उत्तर यायला वेळ लागलेला असतो. रेडमाइनच्या एपीआयला ‘ही विनंती आधीच आली होती’ हे ओळखायची सोय नाही. ती आपणच करायची.

एक कस्टम फील्ड बनवा, प्रकार टेक्स्ट, नाव ‘पोर्टल संदर्भ’. जावकेतला यूयूआयडी त्यात पाठवा. पहिल्या प्रयत्नात सरळ पोस्ट. दुसऱ्या प्रयत्नापासून आधी शोध: इश्यूज.जेसनला सीएफ, अंडरस्कोर, फील्डचा क्रमांक हा पॅरामीटर आणि किंमत यूयूआयडी. सोबत स्टेटस-आयडीला तारा (*) द्या. तारा नाही दिला तर यादीत फक्त उघडी तिकिटं येतात. दरम्यान कोणी ते बंद केलं असेल तर ते सापडणार नाही आणि तुम्ही दुसरं बनवाल.

इथे एक खड्डा आहे, त्यात भले भले पडतात. कस्टम फील्डच्या सेटिंगमध्ये ‘फिल्टर म्हणून वापरा’ ही खूण केलेली नसेल, तर रेडमाइन चूक दाखवत नाही. तो पॅरामीटर गुपचूप सोडून देतं आणि सगळी तिकिटं परत करतं. तुमचा कोड पहिलं तिकीट उचलतो आणि लिफ्टची तक्रार भलत्याच इमारतीच्या गळतीला जोडतो. म्हणून सापडलेल्या तिकिटाच्या कस्टम फील्डमधली किंमत आपल्या यूयूआयडीशी जुळते का, हे कोडमध्ये तपासाच. न जुळल्यास रांग थांबवा.

फील्ड त्या प्रोजेक्टला आणि त्या ट्रॅकरला (तिकिटाचा प्रकार) जोडलेलं हवं, आणि एपीआय वापरणाऱ्याच्या रोलला दिसायला हवं. नाहीतर पोस्ट २०१ (तयार झालं) देतं, तिकीट होतं, पण फील्ड रिकामं. तेही न बोलता.

तुमचा तिसरा मुद्दा याच स्वभावाचा आहे. वर्कफ्लोमध्ये त्या रोलला, त्या ट्रॅकरसाठी, सध्याच्या स्टेटसवरून ‘बंद’वर जायची परवानगी नसेल, तर रेडमाइन स्टेटस-आयडी बाजूला ठेवतं, बाकीचं सेव्ह करतं आणि २०४ देतं. सोबत नोट पाठवली असेल तर ती पडते, त्यामुळे सगळं झालं असा भास होतो. ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये वर्कफ्लो उघडा, एपीआय वापरणाऱ्याचा रोल आणि ट्रॅकर निवडा, आणि ‘बंद’च्या स्तंभात प्रत्येक सुरुवातीच्या स्टेटसला खूण आहे का पाहा. ‘नवीन’वरून ‘बंद’ला असते, ‘सामानाची वाट’वरून नसते, असं हमखास निघतं. पुटनंतर तिकीट पुन्हा गेट करून स्टेटस पडताळा. २०४ ला मजकूर नसतो, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

वर्कफ्लोची कटकट टाळायला ॲडमिनची की वापरायचा मोह होतो. तसं करू नका. पोर्टलसाठी वेगळा वापरकर्ता, वेगळा रोल, तिकीट बनवणं, बदलणं, पाहणं आणि नोट टाकणं एवढ्याच परवानग्या. की हेडरमधून पाठवा, यूआरएलमधून नाही. यूआरएलमधली की एनजिनएक्सच्या लॉगमध्ये जशीच्या तशी उमटते.

---

मात्रा_आणि_हलंत

चौथ्या मुद्द्याचं उत्तर बहुतेक इमोजी. पडणाऱ्या तक्रारीत अंगठा, रागावलेला चेहरा असं काही आहे का बघा. मायएसक्यूएलचं जुनं ‘यूटीएफ८’ एका अक्षराला ३ बाइटपर्यंतच जागा देतं. देवनागरी ३ बाइटांत बसते, म्हणून मराठी तक्रारी वर्षानुवर्षं बिनबोभाट जातात आणि कोणाला शंका येत नाही. इमोजीला ४ लागतात. रेडमाइनच्या प्रॉडक्शन लॉगमध्ये ‘इनकरेक्ट स्ट्रिंग व्हॅल्यू’ शोधा.

कायमचा इलाज म्हणजे टेबलं यूटीएफ८एमबी४ मध्ये बदलणं आणि डेटाबेस.वायएमएलमध्ये एन्कोडिंग तेच करणं. आधी बॅकअप, आणि जुन्या ‘कॉम्पॅक्ट’ रचनेतली टेबलं असतील तर इंडेक्सची ७६७ बाइटांची मर्यादा आड येईल, तेव्हा ती ‘डायनॅमिक’ करून घ्या. रेडमाइन तुमच्या हातात नसेल तर पाठवण्याआधी ४ बाइटी अक्षरं काढून टाका. मूळ मजकूर पोर्टलमध्ये तसाच ठेवा.

याच वाटेवरच्या आणखी काही गोष्टी.

सब्जेक्टला २५५ अक्षरांची मर्यादा आहे, ओलांडली की ४२२. पायथॉन आणि रूबी दोघंही कोडपॉइंट मोजतात, त्यामुळे लांबी जुळते, पण २५५ वर आंधळेपणाने कापलं तर शेवटच्या अक्षराची मात्रा उडते किंवा मागे लोंबता हलंत राहतो. ‘रेजेक्स’ नावाचं वेगळं पायथॉन पॅकेज आहे. त्यातल्या मोठ्या एक्सच्या पॅटर्नने मजकूर दिसणाऱ्या अक्षरांत तोडा आणि २५० च्या आत बसतील तेवढी अक्षरं घ्या.

एकाच तक्रारीचे दोन अर्ज मजकुरावरून ओळखायचा विचार असेल तर सावध. ‘दुसऱ्या’ हा शब्द डोळ्यांना एकच दिसतो, पण कीबोर्डगणिक तीन प्रकारे साठतो: नुक्ता असलेला एकसंध ऱ, र आणि सुटा नुक्ता, किंवा र, हलंत आणि मध्ये न दिसणारा झिरो-विड्थ-जॉइनर. युनिकोडडेटा मॉड्यूलने एनएफसी (सुटे भाग एकसंध करणं) केलं की पहिले दोन एक होतात. तिसरा होत नाही. र, हलंत, जॉइनर या तिकडीच्या जागी ऱ आणि हलंत हे तुम्हालाच बदलावं लागेल. मागून सरसकट सगळे जॉइनर काढू नका. तसं केलं तर ‘दुसर्‍या’चा रफार होऊन तो ‘दुसर्या’ होतो.

मजकूर पाठवताना रिक्वेस्ट्सचा जेसन पॅरामीटर वापरा. स्वतः स्ट्रिंग जोडून डेटात दिली तर अवतरणचिन्ह किंवा नवी ओळ आली की जेसन मोडतं, आणि जुन्या यूआरएललिब३ वर देवनागरी असेल तर लॅटिन-१ ची एन्कोड चूक येते.

आणि रेडमाइनचं फॉरमॅटिंग ‘टेक्स्टाइल’वर असेल तर तक्रारीतला ‘#१२’ इंग्रजी आकड्यांत लिहिला असल्यास तिकीट क्रमांक १२ ची लिंक बनते. फ्लॅट नंबर लोक असेच लिहितात. रहिवाशाचा मजकूर प्री टॅगमध्ये गुंडाळा. त्याआधी मजकुरातला प्री बंद करणारा टॅग निष्प्रभ करायला विसरू नका.

---

गोदाकाठ

इमोजीच होता, हात जोडलेला. वर्कफ्लोमध्येही ‘सामानाची वाट’च्या ओळीत खूण नव्हती. जावक टेबल बनवतोय. दोन प्रश्न उरले. फोटो पाठवताना कधी ४०६ (स्वरूप नाकारलं), कधी ४१३ (फाइल फार मोठी) येतं. आणि स्टेटस पोल करताना (ठरावीक वेळाने विचारताना) दर वेळी सगळी तिकिटं आणायची का? साधारण ६,००० आहेत, पैकी उघडी ४०० च्या आसपास.

---

तिकीटघर

फोटो दोन पायऱ्यांत जातो. आधी अपलोड्स.जेसनवर फाइलचे कच्चे बाइट पोस्ट करायचे, कंटेंट-टाइप ॲप्लिकेशन/ऑक्टेट-स्ट्रीम. इमेज/जेपेग किंवा मल्टिपार्ट दिलं की ४०६. उत्तरात टोकन मिळतं, ते तिकिटाच्या अपलोड्स यादीत फाइलचं नाव आणि खरा कंटेंट-टाइप यांच्यासह द्यायचं.

४१३ रेडमाइनच्या पुढे बसलेल्या एनजिनएक्सचं असणार, तिथली मुळातली मर्यादा १ एमबी आहे. ती वाढवली की पुढे रेडमाइनची स्वतःची मर्यादा लागेल, मुळात ५,१२० केबी, आणि तिथे ४२२ येईल. मर्यादा वाढवण्यापेक्षा पोर्टलमध्येच पिलो ही पायथॉन लायब्ररी वापरून लांब बाजू १,६०० पिक्सेलवर आणा. गळती दिसायला तेवढं पुरतं. छोटा करताना एक्झिफमधलं (फोटोत दडलेली माहिती) फिरवण्याचं कलम आधी लावून घ्या, नाहीतर फोटो आडवे पडतात. आणि सेव्ह करताना एक्झिफ सोडून द्या, त्यात रहिवाशाच्या घराचं लोकेशन असू शकतं.

टोकन जावकेत साठवून दोन दिवसांनी वापरू नका. तिकिटाला न जोडलेली अपलोड साफ करणारं रेकचं (रूबीचं कामं चालवायचं साधन) काम रेडमाइनमध्ये आहे, ते एक दिवसाहून जुनी उडवतं. प्रत्येक नव्या प्रयत्नाला नवं टोकन.

---

सह्याद्री_बॅकएंड

पोलिंगला सगळी तिकिटं नकोत. अपडेटेड-ऑन वर >= आणि वेळ, यूटीसीत, शेवटी झेड. हे पॅरामीटरच्या डिक्शनरीत साधं लिहा. हाताने एन्कोड करून दिलंत तर टक्क्याचं चिन्ह पुन्हा एन्कोड होतं आणि फिल्टर बिघडतो. स्टेटस-आयडीला तारा इथेही हवा, नाहीतर बंद झालेलं तिकीट यादीतून गायब होतं, आणि तुम्हाला तर नेमका तोच बदल हवा आहे. क्रम अपडेटेड-ऑन चढता, लिमिट १००. लिमिट न दिल्यास २५ येतात आणि १०० च्या वर मागितलं तरी १०० च मिळतात.

ऑफसेटने पानं उलटू नका. पहिलं पान वाचून होईपर्यंत त्यातलं एक तिकीट कोणी बदललं, की ते यादीच्या शेवटी जातं, बाकीची एक घर पुढे सरकतात आणि दुसऱ्या पानाचं पहिलं तिकीट तुमच्या हातून सुटतं. त्याऐवजी पानातल्या शेवटच्या तिकिटाची वेळ घेऊन तिथून पुढे पुन्हा >= ने मागा. तेच तिकीट दोनदा येईल, येऊ द्या. लिहिताना अपडेट-ऑर-क्रिएट असलं की फरक पडत नाही. वेळ सेकंदापर्यंतच असते, त्यामुळे मोठ्या बल्क-एडिटनंतर अख्खं पान एकाच सेकंदाचं येऊ शकतं. वेळ पुढे सरकली नाही असं दिसलं, तर तेवढ्यापुरता ऑफसेट वापरा.

सर्वात पुढची वेळ साठवताना रेडमाइनने दिलेली वेळ साठवा, जँगोच्या मशिनची नाही. दोन घड्याळांत दहा सेकंदांचा फरक असला तरी बदल निसटतात. पुढची फेरी त्या वेळेच्या २ मिनिटं मागून सुरू करा. दर २ मिनिटांनी एक फेरी रहिवाशांसाठी पुरेशी आहे, आणि एका वेळी एकच फेरी चालेल असं कुलूप ठेवा. ते रेडिसवर किंवा पोस्टग्रेसच्या ॲडव्हायझरी लॉकने. जँगोचा लोकल मेमरी कॅश प्रत्येक प्रोसेसचा स्वतंत्र असतो, त्याचं कुलूप दुसऱ्या वर्करला दिसतच नाही.

स्टेटस नावाने जुळवू नका. इश्यू-स्टेटसेस.जेसनमधून क्रमांक, नाव आणि ‘बंद आहे का’ ही खूण दिवसातून एकदा आणून टेबलात ठेवा. ‘बंद’चं नाव कोणी ‘पूर्ण’ केलं तरी पोर्टल चालू राहील. रहिवाशाला मात्र रेडमाइनची दहा स्टेटस दाखवायची गरज नाही. नोंदली, काम सुरू, सामान मागवलं, झालं, एवढ्यावर आणा.

नोट्सही दाखवायच्या असतील तर त्या यादीत येत नाहीत, प्रत्येक तिकीट जर्नल्ससह (बदल आणि नोट्सचा इतिहास) स्वतंत्र आणावं लागतं. खासगी नोट्स कोडमध्ये गाळत बसू नका. पोर्टलच्या रोलला खासगी नोट्स पाहण्याची परवानगीच देऊ नका, म्हणजे त्या तुमच्यापर्यंत येणारच नाहीत. एखादा इफ चुकला तरी ठेकेदाराबद्दलचा शेरा रहिवाशाच्या पडद्यावर जाणार नाही.

---

मात्रा_आणि_हलंत

एक पुरवणी. रेडमाइनमधून डिलीट झालेलं तिकीट वरच्या पोलिंगमध्ये कधीच दिसत नाही. ते बदललेलं नसतं, नसतंच. पोर्टलवर ते कायम ‘काम सुरू’ राहतं. प्रोजेक्टचा फिल्टर लावला असेल तर दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये हलवलेलं तिकीटही असंच हरवतं. रात्री एकदा पोर्टलवर उघड्या असलेल्या ४०० तिकिटांचे क्रमांक इश्यू-आयडी पॅरामीटरमध्ये स्वल्पविरामाने जोडून, शंभराच्या गटात मागा, प्रोजेक्टचा फिल्टर काढून आणि स्टेटसला तारा देऊन. चार विनंत्यांत काम होतं. जे क्रमांक परत आले नाहीत ते एकेक करून मागा: ४०४ आलं तर डिलीट झालं, ४०३ आलं तर ज्या प्रोजेक्टमध्ये पोर्टलचा वापरकर्ता सभासद नाही तिथे गेलं किंवा खासगी केलं गेलं. दोन्हीत तक्रार आपोआप बंद करू नका. व्यवस्थापकाच्या यादीत टाका, कारण त्या रहिवाशाचं पाणी अजून गळत असू शकतं.